भिंती ऐकणारा मुकुंद

मुकुंद परांजपे कुठल्याही नव्या जागी शिरला की आधी एक टाळी वाजवतो. एकच, पण सणसणीत. मग मान तिरकी करून ती कुठवर जाते ते ऐकतो. आमची ओळख झाली तीच मुळी सिंगापुरात, चोआ चू कांगमधल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टपाशी. टाळी वाजली, माझ्या हातातली अंडी पडता पडता वाचली आणि हा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "जागा कोरडी आहे. आवाज खाते."

दिवसा तो हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो. उरलेला वेळ शास्त्रीय संगीताचा, आणि तो लहानपणापासून. स्वतः गातो म्हणाल तर नाही. त्याच्या गळ्याविषयी न बोललेलंच बरं, असं तोच म्हणतो. कान मात्र असा, की आमच्या मिक्सरचा सूर उतरलाय हे त्याने भिंतीपलीकडून सांगितलं आणि आठवड्याच्या आत मिक्सर जळला.

दरवर्षी त्याचे आई-बाबा पुण्याहून यायचे आणि हा त्यांना घेऊन हिंडायचा. फेरीबोटीने बाताम, बसने मलाक्का, क्वालालंपूरजवळच्या गुहा. लोक सहलीहून फोटोंचे रोल आणतात, हा शेरे आणायचा. बातामच्या किनाऱ्याला एकही भिंत नाही, सबब वेळ फुकट. मलाक्काच्या टेकडीवरच्या पडक्या चर्चला छप्पर नाही, वरचा सा लावला तर थेट समुद्रात. आम्ही बालीला निघालो तेव्हा मी त्याला हॉटेल विचारलं, तर त्याने मलाच विचारलं की बाथरूमला फरशी कुठली आहे.

टाळी पसंत पडली की तो आईला म्हणायचा, "एक सा लाव ना." काकू पर्समध्ये काहीतरी शोधू लागायच्या, म्हणायच्या लोक बघतायत, आणि चालू पडायच्या. थर्मास आणि छत्री सांभाळत काका मागोमाग. गुहेत तर म्हणे माकडंसुद्धा बघत होती.

एकदा मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना कशाला दमवतोस, घरी सीडी लावून बस की. मग त्याने सांगितलं. काकू तीस वर्षं गायल्या, मुलींना शिकवलं. तीन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, पण गाण्याचा आवाज खाली उतरला, लहानही झाला. तेव्हापासून तानपुरा गवसणीतच होता.

"गळा बरा आहे म्हणतात डॉक्टर. तिलाच तो आवडत नाही," तो म्हणाला. "लहान आवाजाला मोठं करणाऱ्या जागा असतात, वहिनी. तशी एक मिळाली की ऐकेल ती स्वतःला."

मला माझीच लाज वाटली. थट्टा मी तेव्हापासून सोडली. अगदी सगळी नाही, पण बरीच.

त्या वर्षी काका-काकूंच्या परतीला आठवडा उरला होता. मी बाजार घेऊन येत होते, तर आमच्या बहुमजली कार पार्कच्या जिन्यापाशी मुकुंद दार अडवून उभा. मला बघताच त्याने ओठांवर बोट ठेवलं. वरून, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून, गाणं ऐकू येत होतं. आवाज जाडसर, थोडा खरखरीत, पण सुरात. काँक्रीटचा तो कुरूप जिना त्याला भरून टाकत खाली आणत होता.

"मग तू इथे काय करतोयस?" मी कुजबुजले.

"मला हाकललं. म्हणाली, तू कशालाही वा म्हणतोस. मला चुका ऐकायच्यात."

तेवढ्यात ओळ मध्येच तुटली. जिना गप्प. मग तीच ओळ पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा तिथेच तुटली, पुन्हा सुरू झाली.

"रियाज करतेय," मुकुंद म्हणाला आणि चष्मा काढून उगाचच शर्टाला पुसत बसला. मग म्हणाला, "उद्या मला ऑफिस आहे, वहिनी. सकाळी तासभर हे दार धराल? कुणी आलं की ती थांबते."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि आत्ताच धरलं.