नाडगौडांची रायफल

एका शाकाहारी माणसाची शिकारीची रायफल मी त्याला न विचारता ठरवून टाकली. गाढवपणा माझ्या हातून पुष्कळ झाला, पण इतक्या आत्मविश्वासानं केलेला हा एकच. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. आता नातवंडं मला शहाणी समजतात, तेव्हा मीच समजायचे.

आम्ही दोह्यात अल सद्दला राहायचो. फुटबॉल वर्ल्ड कपला अजून तीन-चार वर्षं होती आणि सगळं शहर उकरून ठेवलेलं होतं. सकाळी ह्यांना ऑफिसला नेणारा रस्ता संध्याकाळी परत आणेलच असं नसायचं. समोरच्या फ्लॅटमध्ये अरविंद नाडगौडा. मूळचे नाशिकचे, गॅस प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. अंडंसुद्धा न खाणारा माणूस. घरात झुरळ निघालं तर वर्तमानपत्रावर घेऊन, लिफ्टनं खाली जाऊन सोडून यायचे. आणि ह्या माणसाला आफ्रिकेत जाऊन रानरेडा मारायचा होता.

मारणं पुढचं. आधी पहिली रायफल निवडायची होती. ती तिकडची शिकारीची कंपनीच हातात देणार होती, पण कोणती हवी ते गिऱ्हाइकानं आधी कळवायचं. नाडगौडा चार वर्षं कळवत होते.

"अजून डेटा पूर्ण नाही, वहिनी," असं म्हणायचे. हरणाला पुरणारी गोळी रेड्याला नुसता राग आणते, हे त्यांनी मला साबुदाण्याची खिचडी खाता खाता समजावलं होतं. बरं, मोठी गोळी घ्यावी तर धक्का मोठा. धक्क्याची धास्ती बसली की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि रेडा काही डोळे मिटत नाही. थ्री सेव्हन्टी फाइव्ह नावाची एक मधली रायफल पहिल्यांदा जाणाऱ्याला बरी, असं सगळ्या जाणकारांचं एकमत होतं. एकमत आहे म्हणूनच नाडगौडांना तिचा संशय होता.

प्रॅक्टिससाठी त्यांनी लाकडी रायफल करून घेतली होती. नजमा भागात एका खोलीत आठ जणांबरोबर राहणारा महादू सुतार, कणकवलीकडचा, दिवसभर अल थुमामाच्या स्टेडियमवर शटरिंग ठोकायचा. त्यानं ती घडवली, आत सळ्या भरून बरोबर साडेचार किलोची केली आणि एका शुक्रवारी चादरीत गुंडाळून बसनं आणली. कुणी विचारलं तर टेबलाचा पाय म्हणून सांगायचं ठरलं होतं. कुणी विचारलं नाही. महादू मला म्हणाला, "वहिनीनू, साहेब बरो माणूस आसा, पण ह्येंका कोणीतरी घराक न्हेवा."

रोज संध्याकाळी पूजा झाली की नाडगौडा ती लाकडी नळी कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर टेकवायचे. नळीवर पन्नास दिर्हमचं, म्हणजे अर्ध्या रियालचं नाणं. समोर फ्रीजवर रेड्याचं चित्र. खोटा चाप असा ओढायचा की नाणं हलता कामा नये. बघायला गेलं की मलाही खुर्ची मिळायची आणि माझ्याही डोळ्यांची परीक्षा व्हायची. हातांच्या फटीतून दिवा बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा, म्हणजे नेम कुठल्या डोळ्याचा ते कळतं. ते उजव्या हाताचे आणि डाव्या डोळ्याचे निघाले होते. ह्या एका शोधावर त्यांनी आठ महिने काढले.

दर गुरुवारी ऑफिसातून आले की ते कंपनीला एक ईमेल पाठवायचे. एक ईमेल, एकच प्रश्न. तिकडून सोमवारी सॅम नावाच्या कुणा कर्मचाऱ्याचं उत्तर यायचं. ते छापून फाइलला लागायचं. अशा तीन फाइली झाल्या होत्या.

आता माझं सांगते. बिल्डिंगमध्ये कुणाचं सोफ्याचं कापड अडलं, कुणाच्या मुलीचं स्थळ अडलं, की मी सोडवायला हजर. बोलावलेलं नसायचं, तो भाग वेगळा. नाडगौडांचं घोडं चार वर्षं अडलेलं मला रोज समोर दिसत होतं आणि माझे हात शिवशिवत होते.

त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठवडाभर स्क्रीन बघायची नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात गुरुवार आला. ते आरामखुर्चीत काळा चष्मा लावून बसले आणि मी त्यांच्या लॅपटॉपसमोर. मजकूर सांगितला तो असा: डिअर मिस्टर सॅम, नेमाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना रायफलच्या दस्त्याची लांबी आधीचीच ठेवावी की बदलावी?

मी टाइप केलं: डिअर मिस्टर सॅम, मी थ्री सेव्हन्टी फाइव्ह नक्की केली आहे. आता माझे कोणतेही प्रश्न उरलेले नाहीत. आभार. आणि बटण दाबलं. खलास.

मग मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं, भाऊजी, सोडवला तुमचा प्रश्न, आता पेढे आणा.

नाडगौडा चिडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी फक्त मजकूर वाचून दाखवायला सांगितला. मग परत एकदा. "प्रश्न उरलेले नाहीत" ह्यावर मला थांबवलं आणि काळा चष्मा काढून हातात धरला.

"वहिनी, सॅम म्हणजे समीर. माझा मुलगा."

मुलगा आहे एवढं मला माहीत होतं, पुढचं त्या दिवशी कळलं. बापानं स्वतःच्या प्लांटमध्ये खटपट करून लावलेली नोकरी पोरानं तिसऱ्या महिन्यात सोडली आणि आफ्रिकेत जंगलात जाऊन राहिला. तेव्हा नाडगौडा बोलले होते की ह्यापुढे मी तुला फोन करणार नाही, तूही करू नकोस. दोघं एकाच मातीचे. दोघांनी पाळलं. पण गिऱ्हाइकानं प्रश्न विचारला तर कंपनीला उत्तर द्यावंच लागतं. त्यानं कधी बाबा लिहिलं नाही, नाडगौडांनी कधी समीर लिहिलं नाही. रानरेड्याच्या आडोशानं चार वर्षं चाललं होतं.

मी म्हटलं, चुकून गेलं म्हणून लगेच दुसरं पाठवते. नाही म्हणाले. फोन करा म्हटलं. "शब्द दिलाय," म्हणाले. ह्या माणसाला डेटा नसताना हलवणं अवघड, आणि असताना अशक्य. घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, सोफ्याच्या कापडावर थांबली असतीस तर बरं झालं असतं. तीन दिवस मला भाजीत मीठ आहे की नाही कळलं नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये नाणं ठेवल्याचा, पडल्याचा, कसलाच आवाज नव्हता.

सोमवारी मीच लॅपटॉप उघडला. उत्तर आलेलं होतं. नाडगौडा उठून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि मी मोठ्यानं वाचलं.

डिअर सर, रायफलची निवड योग्य आहे. मी ती बाजूला काढून ठेवतो. मात्र आपण मागे विचारलेली दस्त्याची लांबी ईमेलवर ठरत नाही, ती खांद्याला लावूनच बघावी लागते. तरी आपण यावं. विमानतळावर मी स्वतः असेन. इथलं जेवण आपल्याला चालणार नाही, म्हणून वरण-भात करायला शिकलो आहे. डोळ्याला काहीतरी झालंय असं प्लांटमधल्या एकाकडून कळलं, काय ते कळवावं.

वळून बघायचा मला धीर नव्हता. मग त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"लिहा. येतो. एवढंच. आणि वहिनी, ह्यात तुमच्या मनाचं एक अक्षरही घालू नका."