कुसुंबीच्या चार हजेऱ्या

मुलांनो, नीट मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका. एका जंगलात एक महाविद्यालय होते. ते का काढले, असे विचारू नका. शेजारच्या जंगलात निघाले होते, म्हणून इथेही निघाले.

त्या महाविद्यालयात यंदा कुसुंबी नावाची तरसकन्या शिकायला आली. तिची माणसे, म्हणजे तरसे, जंगलात राहत नसत. ती पलीकडच्या उघड्या माळावर राहत. माळावरून कॉलेजात आलेली कुसुंबी पहिलीच. निघताना आईने तिला एवढेच सांगितले होते, की तू टिकलीस तर पुढच्या वर्षी धाकटी दोघे येतील, आणि परत आलीस तर माळावर पुन्हा कोणी कॉलेजचे नाव काढणार नाही.

पहिल्या दिवशी कुसुंबी मागच्या रांगेत कोपरा धरून बसली. कोणी तिच्याशी बोलले नाही. आणखी दोन दिवसांत कोणीतरी बोलले असते. पण तेवढ्यात प्राचार्यांना तिचा कळवळा आला.

प्राचार्य जातीने गवा आणि मनाने फार मोठे. मोठ्या मनाच्या गव्याला स्वस्थ बसवत नाही. त्यांनी एक आपलेपणा समिती नेमली. समितीत सात जण, आणि सातही जंगलातले. कुसुंबीला काय हवे असेल, हे समितीने कुसुंबी सोडून सगळ्यांना विचारले. मग परिपत्रक निघाले.

कुसुंबीला पहिल्या रांगेत स्वतंत्र बाक मिळाला. त्याला झेंडूची माळ, आणि वर पाटी : ‘हा बाक तुमचाच आहे.’ तो तिचाच असल्यामुळे त्यावर दुसऱ्या कोणाला बसायला बंदी होती. तिची थट्टा करायची नाही, तिला टोपणनाव ठेवायचे नाही, तिची वही मागायची नाही, असे सगळ्यांना बजावण्यात आले. प्राध्यापकांनी तिला प्रश्न विचारायचा नाही, कारण उत्तर चुकले तर तिचे मन दुखावेल. आणि दर सोमवारी तिला उभे करून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

कुसुंबीने पाच सोमवार टाळ्या सोसल्या. एकदा तिने मुद्दाम गृहपाठ केलाच नाही. बाकीच्यांना बगळे सरांनी चांगलेच फैलावर घेतले. कुसुंबीच्या कोऱ्या वहीवर मात्र त्यांनी ‘छान प्रयत्न’ असा शेरा मारला. त्या दिवशी ती ग्रंथालयामागे जाऊन पोटभर रडली. इतक्या लाडात इतके एकटे वाटू शकते, हे तिला माळावर कोणी सांगितले नव्हते.

सहाव्या आठवड्यात ती वर्गाला गेलीच नाही. तीन दिवस वसतिगृहात पडून राहिली आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहिला. चौथ्या दिवशी सकाळी तो अर्ज तोंडात धरून ती कचेरीकडे निघाली. वाट वर्गाच्या खिडकीखालून जात होती. आत बगळे सर हजेरी घेत होते.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. त्या कॉलेजात पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही, तर परीक्षेला बसू देत नसत. म्हणून तिथे एक जुनी पद्धत होती. कोणी आले नसेल, तर त्याच्या नावाला मित्राने ‘हजर’ म्हणायचे. सर मान खाली घालून हजेरी घेत, त्यामुळे बहुधा खपून जाई. सापडले तर मात्र दिवसभर वर्गाबाहेर. त्यामुळे हे काम कोणी परक्यासाठी करत नसे.

“कुसुंबी,” सरांनी पुकारले.

खिडकीबाहेर कुसुंबीचे पाय थबकले.

“हजर,” आवाज घोगरा करून खार म्हणाली.

“हजर,” त्याच क्षणी भेकर म्हणाले.

“हजर,” मागच्या बाकावरून सायाळ म्हणाली.

रानकोंबड्यानेही तरसाचा आवाज काढायची शिकस्त केली. पण शेवटी त्याच्या तोंडून बांगच बाहेर पडली.

चौघे एकमेकांकडे बघू लागले. या बिचारीची हजेरी दुसरे कोण लावणार, आपणच लावू, असे प्रत्येकाला वाटले होते.

सरांनी मान वर केली, तर दारात कुसुंबी उभी. तोंडातला अर्ज तिने गिळून टाकला होता. तरसाला काहीही पचते.

“हजर, सर,” ती म्हणाली.

बगळे सरांची बावीस वर्षे हजेरी घेण्यात गेली होती. एका नावाला पाच ‘हजर’ त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्यांचे डोके असे फिरले, की परिपत्रक साफ विसरले गेले.

“चौघंही बाहेर व्हा,” ते म्हणाले. “आणि तू गं, ही काय यायची वेळ झाली? तीन दिवस कुठं उलथली होतीस? तूही हो बाहेर.”

कुसुंबीला त्या कॉलेजात इतके बरे कधीच वाटले नव्हते.

पाचही जण चिंचेखाली जाऊन बसले. खारीने सांगितले, की तिला पहिल्या दिवसापासून कुसुंबीशेजारी बसायचे होते, पण समितीने नाव टिपून घेतले असते. सायाळीने तिची भूगोलाची वही मागितली. माझा आवाज खरेच असा आहे का, असे कुसुंबीने रानकोंबड्याला विचारले. याहून वाईट आहे, असे तो म्हणाला. तेव्हा कुसुंबी अशी हसत सुटली, की चिंचेवर झोपलेली वटवाघळे उडून गेली.

तो आवाज ऐकून प्राचार्य धावत आले. कुसुंबीला वर्गाबाहेर बघून त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी तिची तीनदा माफी मागितली.

“तुम्ही आत चला,” ते म्हणाले. “आपल्या बाकावर बसा. बगळे सरांना मी समज देतो.”

“नको सर,” कुसुंबी म्हणाली. “आम्हाला दिवसभराची शिक्षा झालीय. अजून चार तास बाकी आहेत.”

प्राचार्य काळजीत पडले आणि समितीची तातडीची बैठक बोलवायला गेले.

तात्पर्य : वर्गात आपले कोणी आहे की नाही, हे रोज वर्गात बसून कळत नाही. त्यासाठी अधूनमधून दांडी मारावी.