सुलाबाईच्या कळशीला पॉलिश

बाजारात पॉलिशचं मशीन जेवढ्याला मिळतं, तेवढ्यात एक दुभती म्हैस येते! मी ते जुनी मोटर, चिंध्या आणि स्वतःचं डोकं एवढ्या भांडवलावर बनवलं. त्यातलं डोकं सोडून बाकी सगळा माल चांगला निघाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच आशा लागायला नको.

मी ओझरच्या विमान कारखान्यात असतो. म्हणजे स्टोअरमध्ये. विमानाला मी अजून बोट लावलेलं नाही, नट-बोल्ट मोजून देतो. पण ही १९८० सालची गोष्ट, आणि नाशिकच्या आमच्या कॉलनीत तेव्हा कुणाची इस्त्री जळली, कुणाचा रेडिओ बसला, की लोक म्हणायचे, "जयरामला विचारा, तो विमानं बनवतो." मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

भद्रकालीच्या जुन्या बाजारातून अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणली आणि पाटावर बोल्टांनी आवळली. पाट सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा. जुन्या चादरींच्या गोल चकत्या एकावर एक शिवून दोन चाकं केली. एक मऊ, शेवटची चकाकी आणायला. दुसऱ्याला सरस फासून त्यावर एमरीची खरखरीत पूड थापली, गंज-बिंज खरवडायला.

"हे घराबाहेर चालवा," सुमन म्हणाली.

"अगं, कारखान्यातलं तंत्र आहे हे!"

"म्हणूनच म्हणते!"

बटण दाबलं, तसे आळीतल्या चार खोल्यांचे दिवे मंद झाले. मशीन असं किंचाळलं की समोरची कुत्री दोन दिवस परत आली नाहीत. मी सुरुवातीला प्लास्टिकची साबणदाणी धरली. ती चाकाच्या गरमीनं वितळली. निम्मी माझ्या बोटांना चिकटली, निम्मी छताला जाऊन बसली. प्लास्टिकला हलका हात लागतो हे त्यातून कळलं. पितळेला मात्र जोर लागतो, हे मी माझं मीच ठरवून टाकलं.

शेजारच्या खोलीत सुलाबाई राहायची. एकटी. तिचा मुलगा यादव सातपूरला कामाला होता. बावीस वर्षांचं पोरगं. मागच्या फेब्रुवारीत आग्रा रोडला ट्रकनं त्याची सायकल उडवली. तिच्याकडे राहिला एक फोटो आणि एक पितळी कळशी. पहिल्या पगारात त्यानं ती आईला घेतली होती. आता यादवचं पहिलं पुण्यस्मरण पाच दिवसांवर आलं होतं आणि सुलाबाई ओट्यावर बसून ती कळशी चिंचेनं घासत होती.

"मावशी, दे इकडं! दहा मिनिटांत आरसा करतो."

"नको रं बाबा. तुझं ते मशीन लय वराडतं."

"ओरडणारच! विमानाच्या जातीचं आहे ते!"

तिनं कळशी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "जपून हां. यादवची हाय."

मी जपलं. इतकं जपलं की मऊ चाकावर माझं समाधान होईना! कळशीच्या खांद्यावर काळ्या टिंबांची एक रांग होती, राख बसून घट्ट झालेली. मी म्हटलं, मळ! एमरीच्या चाकावर धरली आणि छातीचा जोर लावला. टिंबं जाईनात, तसा मीही हट्टाला पेटलो. थोड्या वेळानं खांदा असा लखलखला की त्यात मला माझं तोंड दिसलं. त्या तोंडाकडे कौतुकानं बघताना मला आठवलं, भांड्यांवर नावं घालतात ना, ती टिंबाटिंबांचीच असतात.

मशीन बंद केलं. मग, तुमच्यापासून काय लपवायचं, मी मनात म्हटलं, सुलाबाईला कुठं वाचता येतंय! खरंच म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. सुमन खुशीत होती.

"सुलामावशींनी आज जोडाक्षरं संपवली!"

"कुणी?"

"अहो, विहारात प्रौढ शिक्षणाचा वर्ग घेते ना मी? दसऱ्यापासून येतात त्या."

मला इतके दिवस वाटायचं, बायका गप्पा मारायला जमतात.

"या वयात अक्षरं कशाला तिला?"

"यादवनं कळशीवर काहीतरी लिहून घेतलंय. काय ते त्यानं आईला सांगितलंच नाही. म्हणाला, तू शीक आणि तूच वाच. मी एकदा डोकावले तर त्यांनी पदरानं झाकलं! आता पुण्यस्मरणाला सगळ्यांसमोर वाचणार आहेत."

भाकरीचा घास तोंडातच राहिला. म्हणजे त्या कळशीवर काय होतं, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. असलंच तर त्या नाव घालणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून भांडीबाजार गाठला. एका दुकानाच्या पायरीवर रंगनाथ नावाचा म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन भांड्यांवर नावं घालत बसायचा. यादवच्या कळशीवरही त्यानंच घातलं असणार, हा माझा अंदाज. कळशी त्याच्यापुढे ठेवली.

"काय घालू?"

"जे होतं तेच."

"काय होतं?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय!"

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "दिवसाला चाळीस भांडी करतो मी. लग्नाचं असेल तर 'सप्रेम भेट', मेलेल्याचं असेल तर 'स्मरणार्थ'. तुमचं काय आहे?"

"दिलं तेव्हा जिवंत होता हो!"

"मग सप्रेम भेट."

त्यानं छिन्नी टेकवली, हातोडी मारली, आणि पहिल्याच टिंबाला छिन्नी आरपार!

"पत्रा कुठं ठेवलाय तुम्ही?" म्हातारा माझ्यावरच ओरडला. "कांद्याचं साल केलंय नुसतं!"

भोक बुजवायला कथलाचा डाग लावून घेतला. पितळेवर आठ आण्याएवढा पांढरा डाग. तो दिसू नये म्हणून घरी मऊ चाकावर धरली, तर चाकानं काठ पकडला आणि कळशी भिंतीवर फेकली. पोचा आला. पोचा काढायला आतून ठोकली, तर डाग सुटला. पुन्हा बाजार. चार दिवस हेच!

आणि रोज सकाळी सुलाबाई दारात. "झाली का रं?"

"अजून एक हात फिरवतोय, मावशी!"

सुलाबाईनं हे सगळ्या कॉलनीत सांगितलं. चार दिवस झाले, जयराम यादवच्या कळशीसाठी राबतोय. रजा टाकली त्यानं! पोटचा पोरगा करणार नाही एवढं करतोय! कॉलनीचे अध्यक्ष सहादूतात्या तर मला रस्त्यात मिठी मारूनच भेटले.

"जयराम, कार्यक्रमात तुझा सत्कार ठेवलाय!"

"तात्या, नको हो!"

"हाच तुझा मोठेपणा!"

पुण्यस्मरणाच्या दिवशी विहार भरला होता. मी कळशी नेऊन यादवच्या फोटोशेजारी ठेवली आणि तिच्या गळ्यात झेंडूची जाडजूड माळ घातली, डागावरून. सहादूतात्या म्हणाले, कलाकार माणूस! वंदना झाली. मग मला पुढे बोलावून पुष्पगुच्छ दिला. टाळ्या पडत होत्या आणि मी त्या माळेकडे बघत होतो.

मग सुलाबाई उठली. नवं पांढरं लुगडं नेसलेली. तिनं कळशी मांडीवर घेतली, माळ काढून बाजूला ठेवली आणि खांद्यावरून बोट फिरवलं; पांढऱ्या डागाशी ते जरा अडलं, मग अक्षरं शोधत पुढे गेलं. कळशी फिरवली. पुन्हा फिरवली.

"सावकाश, मावशी," सुमन पुटपुटली. "आधी अक्षर ओळखा."

"सुमन, मला नाय गं लागत." सुलाबाईचा चेहरा एवढासा झाला होता. "तू एवढं शिकवलंस, पण माझ्या डोक्यातच नाय राहिलं वाटतं. अक्षरच दिसंना."

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलाबाईनं इकडेतिकडे बघितलं आणि कळशी माझ्यापुढे धरली.

"जयराम, तू मॅट्रिक झालेला. तूच वाच बाबा. काय म्हनतोय माझा यादव?"

एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात कळशी. वाटलं, काहीतरी गोड रचून सांगावं. तोंडही उघडलं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मला खोटं बोलता आलं नाही.

"मावशी, काही राहिलंच नाही. माझ्या मशीननं पुसलं गेलं. मळ समजून घासलं मी."

कुणी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. सुलाबाईनं कळशी माझ्या हातातून परत घेतली.

"पुसायच्या आधी वाचलं तरी होतंस का रं?"

"नाही."

तिनं मान हलवली आणि कळशी पदराखाली घेऊन ती घरी गेली. वर्गाला ती पुन्हा आली नाही. सुमन पाटी घेऊन तिच्या दारात जायची आणि तशीच परत यायची. घरात ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

आठवडा झाला असेल. मी ओट्यावर मशीन उकलत बसलो होतो, भंगारात घालायला. तेवढ्यात सायकलला पोतं बांधून एक माणूस आला. गोटीराम म्हणाला नाव. मखमलाबादकडून आला होता.

"जयरामभाऊ तुम्हीच का? तुमच्या मशिनीवर भांड्यांवरची नावं साफ जात्यात म्हनं? लय नाव झालंय तुमचं! वाटणीतली भांडी हायेत, थोरल्या भावाचं नाव घालवायचंय. मागं खूण ऱ्हायला नाय पायजे."

मी त्याला हाकलून दिलं. अगदी सायकलसकट हाकललं! पण त्याच्या आधी, कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं होतं, "भांडी किती आहेत?"

आणि सुलाबाई तेव्हा तिच्या दारात उभी होती.