जवसाचं तेल आणि चिंध्यांची बादली

थोरला भाऊ हृदयविकाराच्या झटक्याने गेला, त्याला दोन महिने होत आले, तेव्हा रसायनशास्त्राच्या निवृत्त सरांनी घरातून लोणी हद्दपार केलं.

"लोण्यात संपृक्त मेदाम्लं जास्त," कोरडा पाव चावत ते बायकोला म्हणाले. "सरळसोट साखळ्या, दुहेरी बंध एकही नाही. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात."

"मग खायचं काय?"

"जवसाचं तेल. त्यात दुहेरी बंधच बंध!"

बायकोने लोण्याचा डबा आत नेला. दीर गेल्यापासून घरात बोलणं असं नव्हतंच, नुसते तास चालायचे. सरांना रडता येत नव्हतं, म्हणून ते शिकवत होते.

पाच लिटरचा डबा आला. बायको भाजी आणायला गेली होती. झाकण निघेना, म्हणून सरांनी सुरी घातली. डबा निसटला आणि निम्मं तेल फरशीवर. ती यायच्या आत निस्तरायला हवं होतं. सरांनी दोन जुन्या चादरी टराटरा फाडल्या, फरशी पुसली आणि तेलकट चिंध्या बादलीत ठासून भरल्या. बादली कुणाला दिसू नये, म्हणून गॅलरीत भर उन्हात, भावाच्या घरून आणलेल्या वेताच्या खुर्चीखाली सरकवली. मग थकून आडवे झाले, ते बायको परतली तरी उठले नाहीत.

दुपारी शेजारीण ओरडली, "अहो सर, गॅलरी पेटली!"

सर तांब्या घेऊन धावले. तांब्याचं काम नव्हतं. शेजारणीने बोलावलेला बंब आला, पाण्याचा फवारा बसला आणि खुर्चीच्या जागी चार काळे पाय उरले. भाऊ त्या खुर्चीत बसून पेपर वाचायचा.

बंबावरच्या साहेबांनी अहवालाचा फॉर्म काढला. "कारण? सिगारेट?"

"मी जन्मात ओढलेली नाही! जवसाच्या तेलातले दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात. त्यात उष्णता निघते. चिंध्या कोंबलेल्या, उष्णतेला जायला वाट नाही. मग आपोआप..."

"आपोआप?" साहेबांनी सरांकडे, मग बायकोकडे पाहिलं. "काकू, यांची तब्येत ठीक आहे ना?"

"ठीकच म्हणायची. यांचा भाऊ गेलाय नुकताच."

साहेबांनी मान हलवली आणि 'सिगारेट' लिहिलं. चाळीस वर्षं शिकवलेलं शास्त्र एका शब्दात नापास झालं.

सगळे गेल्यावर बायको ओल्या गॅलरीत सरांच्या शेजारी बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला, दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"खरं सांगा. भाऊजी गेल्यापासून चोरून ओढताय ना? मी रागावणार नाही. एकटेच सोसत बसता हो तुम्ही."

सरांनी तोंड उघडलं. साखळी, बंध, ऑक्सिजन, सगळं जिभेवर होतं. पण हात अजून तिच्या हातात होता, आणि कोण जाणे का, त्यांचे डोळे भरून आले.

"हो," ते म्हणाले. "फार आठवण येते गं त्याची."

"येणारच." तिने पदराने त्यांचे डोळे पुसले. "पण उद्यापासून सिगारेट बंद. शपथ घ्या."

सरांनी शपथ घेतली. एवढी सोपी शपथ त्यांनी आयुष्यात घेतली नव्हती.