राजा गेला कवळीवाल्याकडे

पोटच्या पोराने आईच्या तोंडात वाटीभर गुलाबी लगदा कोंबावा, वर "हलू नकोस, बोलू नकोस" असा दम भरावा, आणि एवढं करून घेतलेलं माप भलत्याच गावाला धाडून मोकळं व्हावं, याला काय म्हणायचं? माईंच्या सात पिढ्यांत असा कुणी निपजला नव्हता. निपजला तो नेमका दातांचा डॉक्टर.

झालं होतं असं. सोमवारी सकाळी माईंची खालची कवळी हातातून निसटली, बेसिनवर आपटली आणि तिचे तीन तुकडे झाले. रविवारी दुपारी तर नातीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी जेवायला यायची होती. त्यांच्याशी बोलणार कोण? मुलगा मूग गिळून बसणारा, सून होला हो करणारी. घरातलं वजनाचं बोलणं माईंचं, आणि दातांवाचून बोलणं म्हणजे बोथट कात्रीने कापड बेतणं. शिवाय ते बसकं तोंड परक्यांना दाखवायचं? जीव गेला तरी नाही. माईंनी तोंडाला रुमाल लावला, तो पाहुणे यायच्या आत नवी कवळी आली तरच उतरणार होता. त्यासाठी त्यांनी ओकारी गिळून माप दिलं.

आता मुलाचं दुसरं वेड. दिवसभर लोकांचे दात उपटायचे आणि दवाखाना बंद झाला की नाणी घेऊन बसायचं. तीही कसली, तर दोन हजार वर्षांपूर्वी इराणावर राज्य केलेल्या पार्थियन राजांची, चांदीची, नखाएवढी. अकरा वर्षांत सात जमवली होती. प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत आणि पुडीत जुन्या मालकांच्या चिठ्ठ्या. "माई, नाणं एकटं आलं तर ते अनाथ," तो सांगे. "कुणाकडून कुणाकडे गेलं हे ठाऊक असेल तर ते घरंदाज." नाण्यांचं माईंना काडीचं कौतुक नव्हतं, पण हे घरंदाजपणाचं त्यांना पटे.

सातांतल्या एका पुडीत नव्वद वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती, कुणा शल्यवैद्याच्या हातची. ते नाणं खरंच त्या नामांकित वैद्याच्या संग्रहातलं की चिठ्ठी कुणी मागाहून खुपसलेली, हे सांगू शकणारा माणूस एकच, परगावचे नाणेमास्तर. त्यांच्या गुरूंनी धरलेली एक वही त्यांच्याकडे होती. तिच्यात नाव लागलं की माणूस संग्राहक म्हणून पावन झाला. मास्तर टपालाने नाणं मागवत नसत, दोन्ही बाजूंचे प्लास्टरचे ठसे मागवत. आणि प्लास्टरच्या कामात दातांच्या डॉक्टरचा हात कोण धरणार? म्हणून सोमवारीच, माईंचं माप झाल्यावर उरलेल्या लगद्यात त्याने राजाचंही माप घेतलं. तेच प्लास्टर, तीच पांढरी खोकी, तोच कापूस. एक खोकं कवळ्या करणाऱ्या कारागिराकडे गेलं, एक नाणेमास्तरांकडे.

बुधवारी कारागिराचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, जबडा म्हणालात, पण ह्या तर दोन चकत्या आहेत. एकीवर दाढीवाला, दुसरीवर धनुष्य घेऊन बसलेला माणूस. दात कुठे बसवू?"

मुलगा खुर्चीत बसला तो उठेचना. शेवटी सुनेने येऊन माईंना सांगितलं, तेही दाराआडून.

"पाच मिनिटांचं काम आहे, माई," मुलगा मागून म्हणाला. "पुन्हा माप घेतो."

"पुन्हा?" रुमालाआडून आवाज आला. "माझं तोंड काय टपालपेटी आहे, येता जाता काहीतरी टाकायला? एकदा दिलं ते दिलं. जिथं पाठवलंस तिथून आण!"

"अहो माई, रविवार तोंडावर आलाय," सून म्हणाली.

"कुणाच्या तोंडावर? माझं तर परगावी आहे."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मुलाने नाणेमास्तरांना फोन लावायचा धीर गोळा करेपर्यंत गुरुवार उजाडला आणि त्यांचाच फोन आला. सुनेने मुद्दाम फोन स्पीकरवर टाकला.

"डॉक्टर, तुम्ही पाठवलंत ते पाहिलं," मास्तर म्हणाले. "कालपासून जेवणावर लक्ष नाही माझं. पत्रात नाणं म्हणता, आणि ही तर घोड्याच्या नालेसारखी टेकडी, मधोमध दरी! एखाद्या डोंगरी किल्ल्याचा नमुना आहे का हा?"

एवढ्या मोठ्या माणसाला 'ती माझी आई आहे' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मुलगा चाचरला. "सर, ते... घरचंच आहे."

"घरचं? किती जुनं?"

"बहात्तर..."

"शतकं?"

"वर्षं, सर."

"एकाहत्तर!" माई कोचावरून गरजल्या.

"असली वस्तू कुरियरवर सोपवणार नाही मी," मास्तर म्हणाले. "उद्या स्वतः घेऊन येतो. वहीही आणतो. नाणं काढून ठेवा."

एक परका पुरुष आपलं तोंड पिशवीत घालून बसने गावोगाव फिरवणार, या विचाराने माईंना दिवसभर अन्न गेलं नाही. तसंही दातांवाचून जाणार नव्हतंच.

शुक्रवारी नाणेमास्तर आले. ऐंशीचे असतील, काडीसारखे, पण पिशवी छातीशी अशी धरलेली की आत तान्हं बाळ असावं. टेबलावर मऊ कापड पसरून त्यांनी खोकं उघडलं. माईंचा जबडा नव्या कापसात निजला होता. शेजारी चिठ्ठी, मोत्यासारख्या अक्षरातली. मुलाने ती पडेल आवाजात वाचली. "वस्तू अज्ञात. प्लास्टर. डॉक्टरांच्या घरातून बुधवारी प्राप्त. स्थिती उत्तम. डाव्या बाजूस किंचित झीज."

"झीज?" माईंना राहवेना. "साठ वर्षं ऊस खाल्लाय त्या बाजूने! माझं तोंड आहे ते."

सुनेने डोळे मिटून घेतले. नाणेमास्तरांनी एकदा माईंकडे पाहिलं, एकदा जबड्याकडे, मग ते सावकाश उठून उभे राहिले. "माफ करा, माई. दोन दिवस मी परवानगीवाचून न्याहाळत होतो. पण सांगतो, इतका ठाम आकार मी क्वचितच पाहिला."

आता याच्यावर रागवायचं तरी कसं? माईंनी सुनेला चहा टाकायची खूण केली. मुलाने तेवढ्यात कारागिराला फोन केला. जबडा आज मिळाला तर रविवारी सकाळी कवळी हातात, असं तो म्हणाला. चकत्या मात्र त्याने कधीच कचऱ्यात टाकल्या होत्या.

मग मास्तरांनी पिशवीतून त्या वैद्याच्या संग्रहावरचा जुना ग्रंथ काढून उघडला. पिवळ्या पानावर नाण्यांची चित्रं होती. एका चित्राशेजारी मुलाने नाणं ठेवलं. मास्तर भिंग धरून वाकले आणि कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले. माईंच्या लक्षात आलं की आपणही श्वास धरून बसलोय.

"बघा," मास्तर कुजबुजले. "ठोकताना साचा सरकला म्हणून धनुष्याचं टोक कापलं गेलंय. इथंही तसंच. दाढीखाली हा नखासारखा ओरखडा. इथंही. हेच ते, डॉक्टर. नव्वद वर्षांपूर्वी वैद्याच्या तळहातावर होतं ते हेच."

मुलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माईंनी हात पुढे केला. "मला द्या."

नाणं तळहातावर आलं. वाळक्या पानासारखं हलकं. भिंगातून दाढीवाला राजा समोर आला, केसांची एकेक वळी मोजून घ्यावी असा. ज्याच्यापुढे मान वर करायची कुणाची छाती नव्हती तो माईंच्या हातावर होता, आणि माईंच्याच हाताने गरम होत होता. कुणी घडवला, कुणी पुरला, कुणी उकरला, किती हात लागले असतील! माईंच्या अंगावर काटा आला.

"ह्याच्या कपाळावर हे काय? चामखीळ?"

"हो. बापाची मुलाला येत असावी. पुढच्यांच्याही कपाळावर दिसते."

"आणि कोरणाऱ्याने ती राहू दिली? राजा रागावला नाही?"

"रागावेल कशाला? हजारो नाण्यांवर मिरवलीय. ती दिसली की लोकांना कळायचं, हा त्याच घराण्यातला."

माई राजाकडे पाहत राहिल्या.

मुलाने डोळे पुसले. "सर, मग वहीत आमचं नाव?"

"लागेल की." मास्तरांनी वही काढली. "फक्त ठसे पाठवा. आलेल्या वस्तूची, आलेल्या क्रमाने नोंद, हा गुरूंचा नियम. तुमचं नाणं पुढच्या क्रमांकावर येईल. तुमच्या घरातून आलेली पहिली वस्तू बुधवारीच नोंदवलीय. मालकाची जागा तेवढी कोरी आहे." त्यांनी पान उलटलं, पेन माईंपुढे धरलं. "माई, सही कराल?"

माईंना लिहिण्यातलं आपलं नाव तेवढं येत होतं. एका हाताने वही दाबायची, दुसऱ्याने पेन चालवायचं, म्हणून रुमाल मांडीवर ठेवावा लागला. एकेक अक्षर दाबून, वळणावळणाने, त्यांनी नाव पुरं केलं. त्याच पानावर वर मोठमोठ्या संग्राहकांची नावं होती आणि खाली शाई ओली असलेलं हे. मुलगा आ वासून बघत होता.

माई ताठ बसल्या. रुमाल मांडीवरच राहिला. बसक्या तोंडाने त्या परक्या माणसासमोर मनसोक्त हसल्या आणि मुलाकडे वळल्या.

"अकरा वर्षं धडपडतोयस ह्या वहीत शिरायला. मी नुसतं तोंड पुढे पाठवलं!"