आमचे हे ठाण्यात जमा

आमच्या तालुक्यात निवडणूक जाहीर झाली की बंदुका आपापली माणसं पोलीस ठाण्यात नेऊन जमा करतात. निकाल लागला की पावती दाखवून परत घेऊन येतात. नियम जुना आहे आणि बहुतेक बंदुका तो पाळतात.

आमचे हे, म्हणजे भास्करराव, एका दुनळी बंदुकीच्या नावावर आहेत. आधी माझे सासरे तिच्या नावावर होते. ते गेल्यावर तिनं वारसाहक्कानं ह्यांची नोंद करून घेतली. माझं लग्न त्यानंतरचं, त्यामुळे मला तक्रारीला जागा नाही. बाहेर जायचं झालं की दुनळी ह्यांच्या खांद्यावर बसते आणि तिची नळी वळेल तिकडे हे जातात. लग्नाला, जत्रेला, पेट्रोल पंपावर. "माणूस सोबत असला की जरा सुरक्षित वाटतं," असं ती म्हणते. मला इतक्या वर्षांत तसं कधी वाटलं नाही, पण मी काही बंदूक नाही.

या खेपेला झेडपीची निवडणूक लागली ती नेमकी आमच्या केतकीच्या साखरपुड्याच्या तोंडावर. ह्यांना जमा करून झालं होतं.

"आई, बाबा नसतील तर मी साखरपुडा करणार नाही," केतकी म्हणाली. "आणि असतील तर ते उडता कामा नयेत."

दोन्ही मागण्या रास्त होत्या. मागच्या सालात शेजारच्या गावात एका पिस्तुलानं आपला वरबाप भरलेलाच मांडवात आणला. वाढप्याच्या हातून मठ्ठा वाढायचा राहिला. वरबाप उडाला. सोयरीक मोडली आणि आचाऱ्याला अजून एका कानानं ऐकू येत नाही. केतकीच्या सासरच्यांनी म्हणूनच सांगून ठेवलं होतं, मुलीचे वडील रिकामे करून आणा, नाहीतर आम्ही उठून जाऊ.

माणूस तात्पुरता सोडवायचा तर त्याच्या बंदुकीला जातीनं हजर राहावं लागतं. दुनळीला स्वतःहून चालता येत नाही. ती फ्रीजच्या कोपऱ्याला टेकून बसली होती.

"मावशी, मी नेऊ का तुम्हाला?" मी विचारलं.

"वजन झेपेल का गं सूनबाई?"

"गॅसची टाकी उचलते मी. तुमचीही होईल सवय."

खांद्यावर घेतलं तर ती इतकी नेमकी बसली की मलाच आश्चर्य वाटलं. म्हटलं, आपल्या ब्लाउजचे खांदे कधी इतके नीट बसले नाहीत.

ठाण्यात रांग होती. पुढे एक म्हातारी ठासणीची बंदूक आपल्या माणसाला सोडवायला आली होती आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती.

"आम्ही कायदा पाळतो म्हणून आमची माणसं जमा. आणि ते गावठी कट्टे बघा, एकेकाकडे चार-चार पोरं, एकाचीही नोंद नाही. त्यांना विचारा की!"

"खरंय," एक रिव्हॉल्वर म्हणालं. "मुळात माणूस वाईट नसतोच. चुकीच्या बंदुकीच्या हाती पडला की वाईट होतो."

"मग निदान झाकून तरी न्यावा ना," मी मधेच बोलले. "बाजारात उघडा माणूस घेऊन फिरलं की पोरंबाळं घाबरतात."

सगळ्या नळ्या माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमच्याकडे माणूस आहे का?" रिव्हॉल्वरनं विचारलं.

"नवरा आहे."

"मग तुम्हाला नाही कळायचं."

हवालदार उंडे यांनी ह्यांना आतून आणलं. मनगटाला चिठ्ठी बांधलेली होती आणि दाढी वाढली होती.

"रिकामे आहेत का बघू," उंडे म्हणाले. त्यांनी ह्यांना टेबलासमोर उभं केलं आणि स्वतः कपाटाच्या आडोशाला गेले. तिथूनच विचारलं, "भास्करराव, तुम्ही गाडीवर आहात. पुढचा साइड देत नाही. काय कराल?"

"अरे, मी कोण आहे माहितीये का तुला!" खिडकीची काच थरथरली.

"एक बार राहिलाच होता," दुनळी शांतपणे म्हणाली. "त्यांच्या वडिलांचंही असंच होतं."

उंड्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"मागे राहीन. घाई काय आहे," हे म्हणाले.

मग उंड्यांनी टॉर्च लावून तोंडात पाहिलं, पावतीवर सही घेतली आणि चार तासांसाठी ह्यांना आमच्या ताब्यात दिलं. मला तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

साखरपुडा छान चालला होता. व्याही शितोळेसुद्धा त्यांच्या रिव्हॉल्वरनं रिकामे करून आणले होते. दोघं व्याही सोफ्यावर शेजारी बसून पंख्याकडे बघत होते. दुनळी माझ्याच खांद्यावर राहिली होती. ह्यांच्या खांद्यावर ठेवायची आठवण राहिली नाही. पुड्याला हळदकुंकू लावून झालं, आणि विहीणबाई पेढा मोडत हसून म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे हो. आवाज तेवढा जरा मोठा आहे. आम्ही घेऊ कमी करून. आमच्या घरात बायका कशा, असून नसल्यासारख्या."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मी समजुतीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की छताचा पोपडा पडला, पेढ्यांचं ताट पालथं झालं आणि बाहेर बांधलेली म्हैस दावं तोडून गेली. धूर निवल्यावर सगळे जागच्या जागी होते. समोरून उत्तर आलं नाही, कारण त्यांचा माणूस रिकामा होता. शेवटी विहीणबाईंनी कानातलं बोट काढलं आणि म्हणाल्या, "राहू दे आवाज. तारीख कुठली धरायची?"

"आई, तू भरलेली होतीस?" केतकी माझ्या कानाशी म्हणाली.

"मला काय माहीत गं!"

ह्यांना परत करायला गेलो तेव्हा उंडे दारातच उभे होते. "वहिनी, आवाज इथपर्यंत आला. तुमची नोंद कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही."

"मग विनापरवाना झाल्या तुम्ही. निवडणुकीच्या दिवसांत!" ते खरंच चिंतेत पडले. "आणि इतकी वर्षं उघड्यावर फिरताय."

"एका परवान्यावर दोन माणसं चालतात," दुनळी माझ्या खांद्यावरून म्हणाली. "हिला माझ्या नावावर घाला. चालेल ना गं, सूनबाई?"

लग्नात मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

तेव्हापासून आम्ही दोघंही मुद्देमालाच्या खोलीत जमा आहोत. हे रिकामेच आहेत, त्यामुळे गप्पा बऱ्या होतात. माझ्या बाकाजवळ मात्र उंड्यांनी वाळूच्या बादल्या आणून ठेवल्यात आणि ते माझ्याशी अदबीनं बोलतात.

डबा घेऊन केतकी येते. दुनळीला घरी एकटं करमत नाही, म्हणून खांद्यावर तिलाही आणते. काल मी विचारलं, "वजन झेपतं का गं?"

"होईल सवय," ती म्हणाली.