उडत्या नौकेवर दोन व्याह्यांची स्वारी

श्रोतेजनांनी चित्त स्थिर करावे, हातातील मोबाइल पालथा ठेवावा आणि चहा घ्यावयाचा असेल तो आधीच घ्यावा; कारण पुढील हकीकत बिकट वाटेची असून मध्येच उठून गेलेल्यास परत वाट सापडणार नाही. जुन्या महायुद्धात समुद्रावर उतरणारे एक चार इंजिनांचे अवाढव्य विमान होते, पोट बोटीचे आणि पंख पक्ष्याचे. त्याची प्लास्टिकची लहानशी प्रतिमा एका बिऱ्हाडात, जेवणाच्या टेबलावर, दोन वृद्ध सरदारांनी कोणत्या शिकस्तीने उभी केली आणि त्यात कोणाचे काय गेले, ते जसे घडले तसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही. घातले असेल तर शोभेपुरते.

मूळ पुरुष मास्तर. जन्मभर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले, परंतु खिशातील लाल पेन काही निवृत्त झाले नाही. त्यांच्या चिरंजीवांचे लग्न एका दंतवैद्य मुलीशी ठरले आणि मुलीचे वडील विमेवाले, म्हणजे आयुष्यभर लोकांस हसतमुखाने मरणाची आठवण करून देणारे गृहस्थ. त्यांनी मोठ्या हौसेने लग्नपत्रिकेचा मजकूर स्वहस्ते रचला आणि नजरेखालून घालण्यास मास्तरांकडे धाडला. मास्तरांनी ऱ्हस्वदीर्घाच्या एकूण एक चुकांस लाल शाईचा वेढा दिला, समासात ‘वाक्य अपुरे’ असे नोंदविले, आणि तळाशी ‘प्रयत्न चांगला’ असा शेरा मारून कागद परत रवाना केला. मास्तरांच्या मनात पाप नव्हते, हे ध्यानात ठेवावे. शेरा त्यांनी खरोखर कौतुकाने मारला होता. परंतु विमेवाल्यांच्या वर्मी घाव लागला, आणि त्या दिवसापासून उभय व्याह्यांत सरळ बोलणे बंद जाहले. लग्नाच्या फोटोत दोघांच्या मध्ये एक कुंडी उभी करावी लागली.

त्याउपरी सूनबाईंस दिवस राहिले, आणि अखेरच्या महिन्यांत रक्तदाबाने उचल खाल्ली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पलंगाची सक्त कैद फर्मावली. चिरंजीव पहाटे कामावर कूच करीत ते दिवेलागणीस परतत. विहीणबाईंची नोकरी अद्याप चालू. सबब लेकीच्या सेवेस विमेवाले बॅग घेऊन मास्तरांच्याच घरी दाखल जाहले आणि पहिल्याच सकाळी पंख्याच्या वेगावरून तोंडातोंडी पेटली. मास्तर पंखा एकवर ठेवीत, विमेवाले तीनवर नेत, मग मास्तर पुन्हा एकवर आणीत, आणि मग शब्दास शब्द वाढून आवाज पलंगापर्यंत गेले. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी यंत्रातील आकडा पाहून भुवई वर केली आणि हुकूम सोडला की या घरात कोणीही वरच्या पट्टीत बोलू नये, बोलेल त्यास घराबाहेर काढावे. तसेच गोंदाचा, रंगाचा, कसलाही उग्र वास पेशंटच्या खोलीत येता कामा नये.

हुकुमाचा उत्तरार्ध ऐकून सूनबाई कष्टी जाहल्या. कारण पलंगावर पडल्या पडल्या जोडण्यासाठी म्हणून त्यांनी एका जुन्या खेळण्यांच्या दुकानातून या उडत्या नौकेचा कदीम संच पैदा केला होता. खोका त्यांच्या वयाहून मोठा, कडा उंदरांनी चाखलेल्या. आता तो जोडायचा कोणी? त्यांनी दोघांस समोर उभे केले. सूनबाई दोघांसही ‘बाबा’ म्हणत, त्यामुळे हाक एक आणि धाव दुहेरी असे नेहमीच होई. फर्मान येणेप्रमाणे: विमान दोघांनी मिळून जोडावे; जेवणाचे टेबल, दार बंद आणि खिडक्या सताड उघड्या; भांडण कुजबुजत करावे; आणि बाळ येण्यापूर्वी नौका तयार पाहिजे.

“आणि मला तक्रार ऐकवलीत,” सूनबाई म्हणाल्या, “तर दोघांचेही दात तपासीन.”

दोन्ही सरदारांनी तोंडे मिटून माना डोलावल्या.

दुसरे दिवशी खोका उघडला. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, चौकटींस लटकलेले सुटे भाग, प्रत्येक भागाशेजारी चौकटीवर बारीक आकडा. गोंदाची नळी दगड होऊन बसलेली. पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे जुन्या दातांसारखी पिवळी. आणि जोडणीचा नकाशा कोणत्या मुलखाच्या भाषेत, ते छापणारासच ठाऊक. मास्तरांनी मनसुबा केला की प्रथम नकाशाचा अभ्यास करावा, भागांची शिरगणती करावी, मग शस्त्र उचलावे. ते चष्मा पुसून नकाशात शिरले, आणि बाहेर आले तो काय पाहतात? विमेवाल्यांनी नखे कापायच्या कटरने सगळेच्या सगळे भाग चौकटींपासून तोडून कोशिंबिरीच्या वाडग्यात जमा केले होते, आणि आकडे छापलेल्या रिकाम्या चौकटी कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या होत्या. मदत केल्याच्या आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता.

मास्तरांच्या पायांखालची जमीन सरकली. कोणत्या तुकड्याचा कोणता आकडा हे सांगणारी एकमेव खूण नष्ट जाहली होती. ओरडावे तर हुकूम आडवा. मग जे युद्ध जाहले ते असे की दोघे टेबलाच्या दोन बाजूंस उभे राहून लाल होऊन कुजबुजत होते, आणि पलीकडून कोणी पाहिले असते तर त्यास वाटले असते की दोन म्हातारे एकमेकांस गुपित सांगत आहेत.

परंतु प्रसंग पडला म्हणजे माणसाची पारख होते, तसे जाहले. मास्तर नकाशातील चित्रावरून तुकड्याचा कोन सांगत आणि विमेवाले वाडग्यात बोट फिरवून तो तुकडा अचूक उचलीत. लोकांचे चेहरे लक्षात ठेवण्याची त्यांची जन्माची सवय येथे कामी आली. “हा बघा, हा मघाचा, जरा नाकाड,” असे ते प्लास्टिकच्या दांडीविषयी म्हणत, आणि मास्तरांस ते मनातून पटे. सूनबाईंनी दवाखान्यातील जुने चिमटे, सुया आणि तोंडात घालायचा छोटा आरसा इतका सरंजाम बहाल केला. चिरंजीवांनी नव्या गोंदाची आणि रंगाच्या डब्यांची रसद आणली.

मुख्य वेढा पोटास पडला. नौकेच्या पोटाच्या डाव्या-उजव्या फाकी इतकी वर्षे खोक्यात पडून वाकड्या जाहल्या होत्या. पुढून जुळवावे तर शेपटीकडे आ वासे, शेपटी धरावी तर नाक फाके. अखेर त्या गरम पाण्यात शेकून नरम केल्या, नाकात वजन भरले, आणि गोंद लावून घरातील यच्चयावत कपड्यांचे चिमटे त्यांवर चढविले. वजन अशासाठी की नाक हलके राहिल्यास विमान शेपटीवर बसते. ते विमेवाल्यांनी कोठून पैदा केले हे मास्तरांनी विचारले नाही. मागाहून आरामखुर्ची मास्तरांसकट खाली बसली तेव्हा तिचे नट कोठे गेले याचा उलगडा जाहला. चिरंजीवांचे शर्ट दोरीवरून उडून खालच्या मजल्यावर पडले. त्याची दाद कोणी घेतली नाही.

येणेप्रमाणे पंख लागले, इंजिने बसली, आणि उभयतांत चहाचा कप पुढे सरकवण्याइतका सलोखा उत्पन्न जाहला. इतक्यात घात जाहला. वैमानिकाच्या समोरची पारदर्शक काच, नखाएवढा एकच तुकडा, बसवावयाची होती. मास्तरांनी कडेस गोंद लावून ती खोक्याच्या झाकणावर ठेवली, विमेवाले खिडकीशी जाऊन शिंकून आले, आणि पाहतात तो झाकण रिकामे.

मग दोन्ही सरदार गुडघ्यांवर आले. टेबलाखाली टॉर्च फिरला, खुर्च्या उलटल्या, सतरंजी झटकली, चपला हुंगल्यासारख्या पाहिल्या. काच नाही. मास्तरांची कंबर धरली, माथे तापले, आणि तोंडून हुकुमाचा भंग करणारे वाक्य मोठ्याने निसटले.

“तुमच्याजवळ काही ठेवलं की ते गेलंच म्हणून समजा!”

विमेवाले सावकाश उठले. गुडघे झटकले.

“मुलगी ठेवली आहे तुमच्याजवळ,” ते हळू म्हणाले. “मी कधी असं बोललो नाही.”

आणि मग ते आत गेले, निजलेल्या लेकीकडे दारातूनच पाहिले, बॅग भरली, चेन आवाज न होईल अशी दातादाताने ओढली, आणि जिना उतरून गेले.

मास्तर एकटे उरले. खिडक्यांतून गार वारा येत होता म्हणून गेले कित्येक दिवस ते राखाडी स्वेटर घालून लढत असत. आता राग आणि उष्मा दोन्ही चढल्याने तो काढण्यास त्यांनी हात वर केला, तो उजव्या कोपरास काही टोचले. पाहतात तर लोकरीत, गोंदाने घट्ट, वैमानिकाची काच.

या ठिकाणी बखरकाराची लेखणी क्षणभर थबकते. कारण मास्तरांच्या मनात जे आले ते थोर पुरुषास शोभणारे नव्हते. आले असे की काच हळूच सोडवावी, जागी बसवावी, आणि सतरंजीत सापडली म्हणावे. पाहणारा कोण आहे? त्यांनी चिमटा उचललादेखील. मग दारातील रिकाम्या जागेकडे, जेथे विमेवाल्यांच्या चपला असत, तिकडे त्यांची नजर गेली आणि चिमटा त्यांनी खाली ठेवला. स्वेटर न काढता, घरातल्याच सपातांनी, ते बसथांब्याकडे धावले. मास्तर धावत असल्याचे दृश्य त्या रस्त्याने पूर्वी पाहिले नव्हते. भाजीवाल्याने वाट दिली.

विमेवाले थांब्याच्या बाकावर बसून शेजारच्या अनोळखी बाईंस अपघात विम्याचे फायदे सांगत होते, परंतु आवाजात जोर नव्हता. मास्तर त्यांच्या पलीकडे टेकले आणि दम खात कोपर पुढे केले.

“हे बघा.”

“काय?”

“कोपर.”

विमेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले. “काच?”

“काच.”

“म्हणजे मी टेबलाखाली रांगत होतो तेव्हा...”

“इथंच होती. तुमच्यावर ओरडलो तेव्हासुद्धा इथंच.”

“मग गुपचूप बसवून टाकायची ना! कुणाला कळलं असतं?”

“कुणालाच नाही,” मास्तर म्हणाले. “चूक माझी आहे, व्याही. सगळी.”

बस आली, दार उघडले, अनोळखी बाई घाईने चढल्या, दार मिटले, बस गेली. विमेवाल्यांनी हात पुढे केला.

“पेन द्या.”

मास्तरांनी लाल पेन दिले. विमेवाल्यांनी त्यांचा तळहात उलगडला आणि त्यावर, शाळेतल्या पोराच्या वहीवर लिहावे तसे, दाबून लिहिले. ‘सूधारणा आहे.’

मास्तरांनी वाचले. पहिल्याच अक्षरात दीर्घ ऊकार होता. त्यांच्या ओठांची हालचाल जाहली, आणि जन्मात प्रथमच ते चूक न दाखविता मूठ मिटून उठले. विमेवाल्यांची बॅग त्यांनी उचलली.

घरी सूनबाई जाग्या होत्या. कोठे गेला होता असे त्यांनी पुसले. मास्तरांनी दूध आणायला म्हणून सांगितले. सूनबाईंनी दुधाऐवजी आलेल्या बॅगेकडे पाहिले, सपातांकडे पाहिले, आणि लोकांच्या तोंडात पाहून आतले किडके ओळखणे हा पेशा असल्याने पुढे काही विचारले नाही. “आधी पाणी प्या दोघं,” एवढेच म्हणाल्या.

त्याउपरी फत्ते लांब नव्हती. काच बसली, तिच्यात राखाडी लोकरीचा एक धागा कायमचा राहिला. रंग चढला, चिन्हे लागली. मग विमेवाल्यांनी प्रस्ताव मांडला की नौका म्हणवते तर पाण्यात उतरून दाखवावी, आणि मास्तरांनी, दोषाचा विचार न करता, रुकार दिला. न्हाणीघरात टब भरला. उभयतांनी एकेक पंख धरून नौका पाण्यावर सोडली. ती डौलाने तरंगली, एक बुडबुडा आला, मग दुसरा, आणि मग ती नाक खुपसून, शेपटी आढ्याकडे उंच करून, अत्यंत शांतपणे तळास गेली. दोघे हात बांधून अदबीने उभे राहिले. मग विमेवाल्यांस हसू फुटले, मास्तरांस ठसका लागला, आणि दोघे टबाची कड धरून असे हसले की हुकुमाची आठवण कोणास राहिली नाही.

“बाबा!” आतून हाक आली, आणि ती निराळीच हाक होती.

चिरंजीवांस फोन, टॅक्सी, इस्पितळ, सर्व धांदल जाहली. सूनबाई सुखरूप बाळंत होऊन मुलगी जाहली. आकडा पाहून डॉक्टरीणबाईंची भुवई जागच्या जागी राहिली. नौका तेव्हा खिडकीत टॉवेलवर उलटी वाळत होती.

आता बंदी उठली होती. इस्पितळाच्या मार्गिकेत उभय व्याही बाकावर बसले, आणि मग इतक्या दिवसांचे तुंबलेले सर्व भांडण पूर्ण आवाजात सुटले. मास्तरांचे म्हणणे, नाकात नट जास्त. विमेवाल्यांचे म्हणणे, पोटाची शिवण कच्ची. शिवण कोणाची? वजन कोणाचे? खुर्ची कोणाची? खोल्यांची दारे उघडून लोक पाहू लागले. तेव्हा मुख्य परिचारिका स्वतः चाल करून आल्या आणि फर्मान सोडले.

“कोण आहात तुम्ही दोघं? आधी बाहेर व्हा!”

येणेप्रमाणे उडत्या नौकेची मोहीम फत्ते जाहली. उभय सरदार नातीचे मुख पाहून, इस्पितळाच्या एकाच दारातून, खांद्यास खांदा लावून, एकाच वेळी हाकलले गेले. आणि बाहेर पायरीवर बसून शिवणीचा मुद्दा पुढे चालवते जाहले. मोर्तब असे.